विश्लेषण : व्हिडिओ गेमचे ग्राफिक्स इतके महाग का झाले?

जून २०२३. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीने अमेरिकी न्यायालयात दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या मार्करने झाकले होते. स्कॅन झाल्यावर ते सरळ वाचता आले! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१.२ कोटी.

पैसा जातो कुठे?

मुख्यतः पगारात. पहिल्या गेमवर ऐन भरात सुमारे २०० जण काम करत होते, दुसऱ्यावर ३००. आणि दोन्हींना पाच वर्षे किंवा त्याहून जास्त लागली. ग्राफिक्स कार्ड वेगवान झाले म्हणून चित्र आपोआप तयार होत नाही. भिंतीचा पोपडा, शर्टाची शिवण, कपाळावरची आठी हे सगळे कोणीतरी बसून घडवावे लागते.

एवढे करून फरक दिसतो का?

गणित बिघडते ते इथे. नव्वदच्या दशकात गेम द्विमितीतून त्रिमितीत गेले, तो बदल कुणालाही कळत होता. आता दोन पडदे शेजारी ठेवून फरक शोधावा लागतो. फुटलेल्या कागदपत्रांनुसार ‘स्पायडर-मॅन २’चा (२०२३) खर्च पहिल्या भागाच्या (२०१८) सुमारे तिप्पट, ३० कोटी डॉलरच्या घरात गेला. गेमची किंमत मात्र ६० वरून ७० डॉलरच झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोनीने सुमारे ९०० जणांची कपात जाहीर केली. हे तिन्ही गेम बनवणारे स्टुडिओ त्यात होते.

पण जरा कमी दिसलेलेही चाहते खपवून घेत नाहीत. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंना हा चटका बसला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’च्या रिमेकचा ट्रेलर सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि ग्राफिक्स जुनाट असल्याची ओरड झाली. तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेले. जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द झाला.

मग पुढे काय?

एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’ किंवा पीएस५ प्रोचे ‘पीएसएसआर’ कमी रिझोल्यूशनचे चित्र एआयच्या मदतीने मोठे आणि स्पष्ट करते. त्याने यंत्राचा भार हलका होतो, कलाकारांचा नाही.

फ्रान्सच्या सँडफॉलने वेगळा मार्ग धरला. अनरियल इंजिन ५ मधली तयार साधने आणि सुमारे ३० जणांचा मुख्य चमू यांवर ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ उभा राहिला. बाहेरून मदत घेतली, हे खरे. पण २०२५ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्तम गेम तोच ठरला.