रक्षकच उलटतो तेव्हा : अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार

“मागच्या वेळी हेच इंजेक्शन घेतले होते, काही झाले नाही,” असे आपण डॉक्टरांना सहज सांगतो. विद्यार्थी मित्रांनो, हे वाक्य दिसते तितके निर्धोक नाही. पहिल्या भेटीत शरीर बहुधा फक्त ओळख करून ठेवते; तक्रार सुरू होते ती पुढच्या भेटीत.

१९०२ साली शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका समुद्री प्राण्याचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून पाहिले. त्यांना विषाची सवय व्हावी, हा हेतू. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा अल्पसा डोस देताच तो अर्ध्या तासाच्या आत मेला! या प्रकाराला रिशे यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळाले.

पुढे १९६३ मध्ये जेल व कूम्ब्स यांनी अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. आजही विद्यार्थी तेच शिकतात.

नेपच्यूनचा प्रकार पहिला. पेनिसिलीन, शेंगदाणे, मधमाशीचा दंश अशा कारणांनी काहींच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात व मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा आला की या पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन ओततात. मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. नुसती ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ज्या औषधाने एकदा असा त्रास झाला, त्याचे नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्यावे. “कुठलीतरी पांढरी गोळी होती” एवढ्यावरून डॉक्टरांनी काय समजावे?

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट पेशींवरच चिकटून त्यांचा नाश करतात. चुकीच्या गटाचे रक्त दिल्यास होतो तो अनर्थ हाच. आई आरएच निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिले मूल बहुधा सुखरूप जन्मते, धोका पुढच्याला असतो. म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी देतात.

तिसऱ्यात प्रतिपिंडे व परका पदार्थ यांचे जोडगोळे बनून सांध्यांत, मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत अडकतात. सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून बनते. ती घेतल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना ताप, पुरळ, सांधेदुखी होते, ती यामुळे. (म्हणून कोणी लस नाकारू नये, विषारी साप चावला असता दुसरे खरे औषध नाही.)

चौथ्या प्रकारात प्रतिपिंडांचे काम नाही, टी-पेशींचे आहे. त्या सावकाश जमतात. पायात काटा मोडला की आपल्याकडे बिब्ब्याचा चटका देतात, आणि एक-दोन दिवसांनी कोणाचा तरी पाय सुजून फोड येतात. ‘बिब्बा उतला’ म्हणतात तो हाच. निकेलच्या स्वस्त कर्णफुलांनी कान चिघळतात, तेही असेच. क्षयरोगासाठी हातावर मांटू चाचणी करताना हीच प्रतिक्रिया मुद्दाम घडवून पाहतात. म्हणूनच परिचारिका ४८ ते ७२ तासांनी हात दाखवायला बोलावते. त्याच संध्याकाळी गाठ आली नाही म्हणून घरी बसू नये.