युनिटभर सूर्य

ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. अणुकेंद्रकांच्या संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असं त्यांनी भाषणात सांगितलं. प्रत्यक्षात लेझरने घातली त्याहून जास्त ऊर्जा त्यातून निघायलाच ५ डिसेंबर २०२२ उजाडावा लागला.

त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर झोत सेंटिमीटरभर लांबीच्या एका नळकांडीत शिरले. मध्यभागी टांगलेल्या इंधनाच्या गोळीवर ते पडलेच नाहीत. ते आदळले नळकांडीच्या आतल्या सोनेरी भिंतीवर. भिंत तापली आणि नळकांडी क्ष-किरणांनी भरून गेली. गोळी दोनएक मिलिमीटरची, कवच हिऱ्याचं, आत गोठवलेलं ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. कवचाचा बाहेरचा थर उडाला आणि त्या धक्क्याने उरलेली गोळी आत चेपली गेली. तिचा गाभा कोट्यवधी अंशांना पोचला आणि हायड्रोजनची ही दोन भावंडं एक होऊन हेलियम झालं. कवचावर बारीकसा खड्डा असला तरी दाब सगळीकडून सारखा पडत नाही आणि बार फुसका जातो. २००९मध्ये यंत्रणा उभी राहिल्यावरची कितीतरी वर्षं अशाच बारकाव्यांशी झगडण्यात गेली.

लेझरने आत घातली २.०५ मेगाजूल ऊर्जा, बाहेर आली ३.१५. शिरूर-दौंडच्या बांधावरून हा हिशेब पाहावा. ३.१५ मेगाजूल म्हणजे वीजबिलातलं पुरतं एक युनिटही नाही. पाच अश्वशक्तीची मोटर त्यावर पाव तास चालणार नाही. आणि ते लेझर चालवायला घेतलेली वीज होती सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ८३ युनिटं. त्यात तीच मोटर वीसएक तास चालली असती. एप्रिल २०२५मध्ये लिव्हरमोरची मजल ८.६ मेगाजूलपर्यंत गेली, तरी तीही अडीच युनिटांच्या आतच.

ज्या पट्ट्यात रात्रीची लाईट आली की बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून उसाची दारं धरायला जावं लागतं, तिथे हे आकडे नीट सांगायला हवेत. दिवसा लाईट मिळायचा आजचा रस्ता सौर फीडरचा आहे. संमीलनाच्या आशेवर तो रेंगाळता कामा नये.

म्हणून त्या रात्रीचं मोल कमी होत नाही. जन्मलेल्या हेलियमनेच शेजारचं इंधन तापवलं, आग आगीने धरली. पण वीजकेंद्रासाठी असा बार सेकंदाला दहाएक वेळा उडवावा लागेल; लिव्हरमोरला दिवसाकाठी एक जमला तरी पुष्कळ. शिवाय ट्रिटियम निसर्गात नावापुरतंच सापडतं, ते लिथियमपासून तिथल्या तिथे बनवावं लागेल.

दुसरी एक वाट अशी: आधी इंधन चेपायचं, मग वेगळ्या, अतिशय छोट्या लेझर स्पंदाने वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून ते पेटवायचं. अडचण ही, की दाट पदार्थातून जाताना झोत विस्कटतो. भाभांनीच उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी याच दुखण्यावर काम केलं. अशा तापून प्लाझ्मा झालेल्या पदार्थात झोत विस्कटवणारी चुंबकीय क्षेत्रं कशी खवळतात, ते त्यांनी थेट मोजून दाखवलं. उभ्या ओळीत वाढवलेल्या कार्बनच्या नॅनोनळ्यांतून हा झोत मिलिमीटरभराहून लांब नेता येतो, हेही २०१२मध्ये त्यांनी दाखवलं.

प्रत्यक्ष चेपलेल्या इंधनात हे उतरवणं अजून बाकी आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात पेटावॉट श्रेणीचा लेझर आहे. पुणे-मुंबईच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अशा यंत्रांवर काम करायला भरपूर वेळ आणि पुरेसा पैसा मिळाला पाहिजे, तोही वीज कधी देणार हा प्रश्न दर वर्षी न विचारता.