कोरडी त्वचा व रात्रीचा लेप

अक्कलकोटचा हिंवाळा ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांस येथील कोरड्या हवेचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिते होतात व आमचा सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेंत पडतो. पावसाळ्यांतहि पाऊस बेताचाच. मग मार्गशीर्ष-पौषांत हवेंत ओलावा कोठून राहणार? ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, हातावर नख ओढलें तर पांढरी रेघ उमटते. बहुतेकांस ही गोष्ट क्षुल्लक वाटते. गेल्या हिंवाळ्यापर्यंत आम्हांसहि ती तशीच वाटत होती.

आमच्या ताईची त्वचा जात्याच कोरडी व नाजूक. थंडी पडली कीं तिचे गाल तडकत, कोपरांच्या खळग्यांत खाज सुटे, आणि झोपेंत ती इतकें खाजवी कीं सकाळीं उशीवर रक्ताचे ठिपके दिसत. कोणीतरी सांगितलें म्हणून तिनें बाजारांतून एका लेपाची डबी आणली. डबीवर गोऱ्यापान चेहऱ्याचें चित्र होतें. घटकांची यादी, करणाराचें नांव, पत्ता यांपैकीं कांहींच नव्हतें. चार रात्रींत गाल लोण्यासारखे मऊ झाले व घरांत आनंद झाला. महिन्यानें डबी संपली, आणि आठ दिवसांत गाल पूर्वीपेक्षां लाल झाले, पुटकुळ्या आल्या, ऊन लागतांच आग होऊं लागली. ताईनें आरशांत पाहणें सोडलें.

आम्हीं तिला सोलापुरास त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलें. लक्षणें पाहून ते म्हणाले, “या लेपांत बहुधा स्टेरॉईड असावें. तें दाह झटकन् दाबतें, पण फार दिवस लावल्यास त्वचा पातळ करतें. औषध म्हणून तें उपयोगी आहे. मात्र कोठें, किती आणि किती दिवस लावावयाचें, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें.” अनेक स्टेरॉईड-मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम भारत सरकारनें २०१८ सालीं केला, तो याच कारणासाठीं. गोरेपणाच्या कांहीं लेपांत तर पारा सांपडतो. तो त्वचेंतून शरीरांत शिरून मूत्रपिंडांस इजा करतो. आमच्या ताईवर तो प्रसंग आला नाहीं, हें आमचें भाग्य.

मग कोरड्या त्वचेला खरोखर हवें तरी काय ? त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो. भिंतींत विटा रचाव्या तशा त्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि विटांमधील चुन्याचें काम कांहीं स्निग्ध द्रव्यें करतात. सेरामाईडें, कोलेस्टेरॉल व मेदाम्लें हीं त्यांतील मुख्य होत. हा चुना शाबूत असला म्हणजे आंतील पाणी आंत राहतें व बाहेरची धूळ आणि जंतू बाहेर राहतात. कोरडी हवा, कढत पाणी व साबण यांनीं तो झिजतो. कांहीं माणसांत फिलॅग्रिन नांवाच्या प्रथिनाची जन्मजात उणीव असते. अशांस कोरडेपणा व इसब यांचा त्रास अधिक होतो, हें २००६ सालीं संशोधकांनीं दाखविलें. तेव्हां कोणाची त्वचा तडकली तर त्यास आळशी किंवा अस्वच्छ म्हणणें हा अन्याय आहे.

लेपांतील द्रव्यांचीं कामें तीन. ग्लिसरिनासारखीं द्रव्यें पाणी धरून ठेवतात. तेलें व लोणी यांसारखे स्निग्ध पदार्थ पेशींमधील फटी भरून त्वचा मऊ करतात. मेण व पेट्रोलियम जेली हीं वरून झांकण घालतात. या जेलीचें पेटंट अमेरिकेंत रॉबर्ट चेसब्रो यांनीं १८७२ सालीं घेतलें, आणि आजहि झांकणाच्या कामीं तिची बरोबरी करणारें द्रव्य विरळा. झांकण घालावयाचें तें ओल्यावर, म्हणून स्नानानंतर किंवा हातपाय धुतल्यावर, अंग टिपून किंचित् ओलसर असतांनाच लेप लावावा. रात्रीं त्वचेंतून पाणी अधिक उडून जातें व खाजहि वाढते. शिवाय निजल्यावर धुणेंभांडीं नाहींत, धूळ नाहीं. रात्रीच्या लेपाचें महत्त्व एवढ्यासाठींच.

डॉक्टरांनीं औषध दिलें, आणि गाल निवल्यावर लावण्यास साधा, बिनवासाचा लेप सुचविला. सुगंध हें लेपांपासून होणाऱ्या अ‍ॅलर्जीचें एक प्रमुख कारण आहे. आमच्या आजीचें मत मात्र शतधौत घृताकडे. तांब्याच्या परातींत गाईचें तूप घ्यावयाचें, पाणी घालून तळहातानें फेसावयाचें, तें पाणी ओतून नवें घालावयाचें. असें शंभर वेळां. शेवटीं तूप पांढरेंशुभ्र, थंड व लोण्याहून हलकें होतें.

घरांत दोन मतें झालीं, तेव्हां परीक्षा घ्यावयाचें ठरलें. डॉक्टरांच्या संमतीनें ताईच्या उजव्या हाताच्या आंतल्या बाजूस, जेथें त्वचा फुटलेली नव्हती तेथें, रुपयाएवढ्या जागेवर साधा लेप, व डाव्या हातावर तसेंच घृत, असें दिवसांतून दोनदां दहा दिवस लावलें. गालाला त्या अवधींत यांपैकीं कांहीं लावावयाचें नाहीं, अशी अट होती. ती पाळणें ताईस फार जड गेलें. पण पूर्वीं घाई केल्याचें फळ तिनें भोगलें होतें. दहा दिवसांत दोन्ही जागीं लाली आली नाहीं, खाज सुटली नाहीं. घृत लावतांना अधिक गार वाटे. परंतु त्यांत पाणी राहत असल्यामुळें आठव्या दिवशीं त्यास आंबूस वास येऊं लागला व तें टाकून द्यावें लागलें. शेवटीं गालांस साधा लेप व आजीच्या टाचांस ताजें घृत, अशी वांटणी झाली. एका हातावरच्या परीक्षेनें सर्वांस लागू पडेल असा निर्णय होत नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्याची त्वचा त्यानेंच पारखली पाहिजे.

वाचकांस आमची विनंती एवढीच : ज्या डबीवर करणाराचें नांव व घटकांची यादी नाहीं, ती घरांत आणूं नये. जो लेप चार दिवसांत चमत्कार करील, त्याचा अधिक संशय घ्यावा. नवा लेप आधीं हातावर पाहावा, मग चेहऱ्यास लावावा. आग झाली तर लगेच धुवावा, आणि त्वचेंतून रक्त किंवा पाणी येत असेल तर डॉक्टरांस दाखवावें. चांगल्या लेपानें कोणी गोरें होत नाहीं. तें त्याचें कामच नव्हे. त्याचें काम आंतलें पाणी आंत राखण्याचें.

यंदाहि थंडी कडाक्याची आहे. ताईचे गाल अजून थोडे खरखरीत आहेत, पण तिला रात्रभर झोंप लागते, आणि सकाळीं तिच्या उशीवर ठिपके नसतात.