बंद खोली, ताजी हवा
ऊर्जा राखणाऱ्या वायुवीजन यंत्रात खोलीतली शिळी हवा बाहेर जाताना आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देते. यंत्राच्या गाभ्यात पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी हे प्रवाह एकमेकांत न मिसळता वाहतात. ग्वाल्हेरच्या नया बाजारात जानेवारीच्या पहाटे बाहेर ६ अंश आणि हीटर लावलेल्या खोलीत २० अंश असतील, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रातून ताजी हवा सुमारे १६ अंशांवर आत येते.

काही यंत्रे फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतात, काही बाष्पाचीही. कॅनडासारख्या कडाक्याच्या थंडीत गाभ्यात बर्फ धरतो, म्हणून तो वितळवण्याची सोय लागते; ग्वाल्हेरात तिच्यावर पैसे घालणे व्यर्थ. इथे यंत्राचा खरा कस उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात लागतो. एसी चालू असताना बाहेरचे बरेचसे बाष्प बाहेरच ठेवणारा गाभा घ्यावा. बाजारातल्या धुळीमुळे फिल्टर सहज काढता यायला हवा. स्वयंपाकघरातली तेलकट हवा यंत्रातून नेऊ नये, पडदे खराब होतात. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवर तर हा उपाय नव्हेच.

ज्या घरात हीटर नाही आणि एसीही नाही, तिथे साधा एक्झॉस्ट फॅन पुरतो.