म्हाडाची लॉटरी: तुमचा नंबर लागण्याची शक्यता नेमकी किती?

"तीन वेळा फॉर्म भरला, तिन्ही वेळा नाही लागलं. आता तरी लागायलाच हवं."

म्हाडाच्या मुंबई मंडळाची सोडत जाहीर झाली की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हे वाक्य कुठे ना कुठे ऐकू येतंच. पाठोपाठ 'आपल्या ओळखीचा एक माणूस आहे, काम करून देतो' असा निरोपही फिरायला लागतो. या दोन्ही गोष्टींचा हिशेब दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात बसतो. फक्त तिथल्या नाण्यांच्या आणि फाशांच्या जागी घरं ठेवायची.

२९ अर्जांमागे एक घर?

२०२३ मध्ये मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची सोडत काढली. अर्ज आले सुमारे १ लाख २० हजार. भागाकार केला तर साधारण २९ अर्जांमागे एक घर. २०२४ मध्ये घरं होती २,०३० आणि अर्ज सुमारे १ लाख १३ हजार, म्हणजे ५६ अर्जांमागे एक घर. अर्ज घटले होते, तरी नंबर लागण्याची शक्यता जवळपास निम्मी झाली. कारण घरं त्याहून जास्त घटली होती.

पण ही झाली सरासरी, आणि सरासरी बऱ्याचदा कुणाचीच नसते. २०२३ मध्ये पहाडी गोरेगावातल्या पंतप्रधान आवास योजनेच्या १,९४७ घरांसाठी सुमारे २२ हजार अर्ज होते. तिथे साधारण ११ जणांमागे एक घर. त्याच सोडतीत अल्प उत्पन्न गटाच्या १,०३४ घरांसाठी सुमारे ६० हजार अर्ज होते. तिथे ५८ जणांमागे एक. '२९' हा आकडा यातल्या कुणालाच लागू नव्हता. त्यात पुन्हा प्रत्येक योजनेत वेगवेगळे आरक्षित प्रवर्ग असतात, त्यामुळे खरी स्पर्धा आपल्या योजनेतल्या, आपल्याच प्रवर्गातल्या अर्जदारांशी असते. सोडतीआधी अर्जदारांची यादी म्हाडाच्या संकेतस्थळावर लागते. आपला भागाकार तिथल्या आकड्यांवरून करायचा, बातमीच्या मथळ्यावरून नाही.

तीनदा हुकलं, मग चौथ्यांदा?

२०२४ च्या आधीच्या दोन सोडती २०२३ आणि २०१९ मधल्या. २०१९ ला घरं होती फक्त २१७ आणि अर्ज सुमारे ६६ हजार, म्हणजे तीनशेहून जास्त अर्जांमागे एक घर. मधली चार वर्षं मुंबई मंडळाची सोडतच निघाली नाही.

समजा एकाने या तिन्ही सोडतींत एकेक अर्ज भरला. सरासरीच धरली तर घर न लागण्याची शक्यता २०१९ मध्ये ९९.७ टक्के, २०२३ मध्ये ९६.६ टक्के आणि २०२४ मध्ये ९८.२ टक्के होती. तिन्ही वेळा हात रिकामे राहण्याची शक्यता काढायला या तीन संख्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं साधारण ९४.५ टक्के. म्हणजे तिन्ही वेळा फॉर्म भरणाऱ्या शंभर जणांपैकी ९४-९५ जणांना काहीच मिळत नाही. तीनदा हुकणं हे दुर्दैव नाही, तेच नेहमीचं आहे.

आणि चौथ्या वेळी? संगणकाला आधीची हुकलेली वर्षं माहीत नसतात. २०१९ पासून वाट बघणारा आणि कालच पहिल्यांदा फॉर्म भरलेला, दोघांची शक्यता सारखीच. '५० जणांत एक म्हणजे ५० वेळा भरला की लागणारच' हाही असाच गोड गैरसमज. पन्नास वेळा भरूनही एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के उरते.

'त्याने दोघांचं काम केलं!'

आता त्या ओळखीच्या माणसाकडे येऊ. सोडतीसाठी कोणीही एजंट नेमलेला नाही, असं म्हाडा दर जाहिरातीत सांगते. तरी लोक पैसे देतात, कारण 'अमक्याचं काम खरंच झालं' हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

समजा एका एजंटाने १०० जणांकडून पैसे घेतले. अट अशी की नंबर लागला नाही तर पैसे परत. यानंतर त्याने काहीही केलं नाही. एकाला फोनसुद्धा लावला नाही. प्रत्येकाची शक्यता ५० मध्ये १ धरली तर शंभरांत सरासरी दोघांना घर आपोआप लागतं. किमान एकाला तरी लागण्याची शक्यता भरते ८७ टक्के. ज्यांना लागलं त्यांचे पैसे एजंटाच्या खिशात, आणि तेच लोक त्याची फुकटची जाहिरात. पेढे वाटणारा आख्ख्या चाळीला दिसतो. पैसे परत घेऊन गेलेले (ते मिळाले तर!) ९८ जण गप्प बसतात, कारण सांगायचं तरी काय?

उलट्या बाजूचा संशयही याच हिशेबात तपासता येतो. 'एकाच बिल्डिंगमधल्या दोघांना लागली, नक्की सेटिंग आहे.' समजा त्या बिल्डिंगमधून ४० जणांनी अर्ज भरले होते. पुन्हा ५० मध्ये १ हीच शक्यता धरली, तर दोन किंवा जास्त जणांना घर लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के येते. म्हणजे अशा दर पाच बिल्डिंगांपैकी एकीत हे निव्वळ योगायोगाने घडेल. उपनगरात अशा बिल्डिंगा किती, हे वेगळं सांगायला नको. तेवढ्यावरून सेटिंग सिद्ध होत नाही.

मग फॉर्म भरायचा की नाही?

भरायचा. २०२३ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी अनामत रक्कम ५० हजार रुपये होती, ती घर न लागल्यास परत मिळते. बुडतात ते अर्जाचे जीएसटीसह ५९० रुपये आणि अनामत अडकून पडते तितक्या दिवसांचं व्याज. सहा टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ७५० रुपये धरलं तर एकूण खर्च सुमारे १,३४० रुपये. समोर समजा बाजारभावापेक्षा १५ लाखांनी स्वस्त घर आहे आणि शक्यता ५८ मध्ये १. पंधरा लाखांना ५८ ने भागलं तर जवळपास २६ हजार येतात. १,३४० रुपयांच्या बदल्यात हा सौदा चांगलाच आहे.

मात्र ते २६ हजार कुणाच्याही हातात पडत नाहीत. ५८ पैकी एकाला घर मिळतं, ५७ जणांना अनामत परत आल्याचा मेसेज. त्यामुळे सोडतीच्या भरवशावर भाड्याच्या घराचा करार न वाढवणं किंवा एजंटाला देण्यासाठी सोनं गहाण ठेवणं, हे या हिशेबात कुठेच बसत नाही.