उष्णतेवर चालणारे शीतगृह

शोषण शीतयंत्रात कंप्रेसर नसतो; त्याचे काम उष्णता करते. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात पाणी हेच शीतक. हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी दाबाखाली ते 5 अंश सेल्सिअसला उकळते आणि भोवतालची उष्णता शोषून घेते. त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात मुरते. सौम्य झालेले द्रावण पंपाने जनरेटरमध्ये जाते, तिथे तापवून पाणी वेगळे केले जाते आणि चक्र पुन्हा सुरू होते. वीज लागते ती मुख्यतः पंपांपुरती. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रे बनवते.

एक युनिट उष्णतेतून किती थंडावा मिळतो, हा यंत्राचा कार्यगुणांक. एकपदरी यंत्रात तो सुमारे 0.7 असतो. तो टिकवण्यात उष्णता विनिमयकाचा वाटा मोठा: जनरेटरमधून परतणारे गरम द्रावण तिकडे निघालेल्या थंड द्रावणाला आधीच तापवते. दुपदरी यंत्रात पहिल्या जनरेटरची वाफ दुसऱ्या जनरेटरला तापवते, म्हणून गुणांक 1.2 च्या आसपास जातो. पण त्यासाठी 90 ऐवजी सुमारे 150 अंशांची उष्णता हवी.

यंत्राची उष्णता परिसराकडे वाहून नेणाऱ्या शीतजलाचे तापमानही निर्णायक ठरते. उष्णता 90 अंशांची आणि थंडावा 5 अंशांचा असेल, तर परिसराकडे उष्णता सोडण्याचे तापमान 35 वरून 30 अंशांवर आणल्यास गुणांकाची सैद्धांतिक कमाल मर्यादा 1.4 वरून 1.8 वर जाते. कोरड्या उन्हाळी हवेत कूलिंग टॉवर हा लाभ देतो. मात्र शीतजल फारच थंड झाले तर तीव्र द्रावणाचे स्फटिक होऊन नळ्या तुंबतात. यंत्रात हवा शिरली तरी शोषण मंदावते, म्हणून निर्वात राखणे ही रोजची कसोटी.

जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक परिसरासारख्या भागात, यंत्राची निवड पिकावर ठरेल. टोमॅटोला 10 ते 13 अंश पुरतात. तिथे लिथियम ब्रोमाइड चालते. द्राक्षांना शून्याच्या आसपास ठेवावे लागते. त्या तापमानाला पाणी गोठत असल्याने अमोनिया-पाण्याचे यंत्र घ्यावे लागते आणि गुणांक 0.5 च्या घरात उतरतो. उष्णता साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यातून मिळू शकते. ऊसगाळप आणि द्राक्षकाढणीचे हंगामही काही काळ जुळतात. फुकटची उष्णता असली, की 0.5 चा गुणांकही परवडतो. मात्र ती लांब नेता येत नसल्याने शीतगृह उगमाजवळच हवे.