पाण्यात बंद पडलेली एटीव्ही लगेच स्टार्ट करू नका

पावसाळ्यात ओढा ओलांडताना स्पोर्ट एटीव्ही बंद पडली, की हात आधी स्टार्टरकडे जातो. घात तिथेच होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

गाडी ढकलून बाहेर काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. आत पाणी दिसलं तर स्पार्क प्लग काढून मगच स्टार्टर मारा. भोकातून पाणी उडतं, तोंड लांब ठेवा. नंतर इंजिन ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. ऑइल, ऑइल फिल्टर दोन्ही बदला. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावूनच बसवा. रॉड वाकला तर मात्र अख्खं इंजिन खोलावं लागतं.